खंजेरी कुठे गेली?

नवा अल्बम आला की पहिल्यांदा मी तो वही न उघडता ऐकते. आता कॅसेट नाही, सीडी नाही, मोबाइलवर एक लिंक येते, सोबत कलाकाराचा फोटो आणि चार ओळींचं कौतुक. ते कौतुक वाचायचं नाही. दुसऱ्यांदा ऐकताना वही घ्यायची, पण तिच्यात आवडलं-नावडलं लिहायचं नाही. जे कानावर पडलं तेवढंच लिहायचं. तबला मधोमध आहे की एका बाजूला, मुखड्याकडे परत येताना गायक कुठल्या मात्रेवर उचलतो, दुसऱ्या अंतऱ्यात लय पुढे सरकली का, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो की कापून टाकलाय. ही पानं भरेपर्यंत मत बनवायला घाई नाही. 'सुरांची मेजवानी' आणि 'मंत्रमुग्ध करणारा आवाज' असे शब्द ज्या परीक्षणात दिसतात, ते वाचून गाण्याचं काहीच कळत नाही. तेच शब्द उचलून दुसऱ्या कुठल्याही अल्बमवर ठेवले तरी बसतात.

मी वर्ध्यात राहते आणि पुरवण्यांसाठी, दिवाळी अंकांसाठी नव्या ध्वनिमुद्रणांवर लिहिते. माझ्याकडे येतं ते सगळं एका जातीचं नसतं. एका आठवड्यात ख्यालाचा अल्बम, गझलांचा संच, खंजेरी भजनं, चौदा एप्रिलसाठी निघालेली भीमगीतं आणि कुणा पोराचं रॅप, असं सगळं येऊन पडतं. एकाच माणसानं हे सगळं कसं तोलायचं, असं मला लोक विचारतात. प्रत्येक प्रकाराचा तज्ज्ञ वेगळा असावा, हे मला मान्य आहे. पण सगळ्यांना लागू पडेल असा एक प्रश्न मला या कामात सापडला, आणि त्याच्या आधारानं मी लिहीत आले: ध्वनिमुद्रणानं या संगीताकडून काय नेलं आणि त्याला काय दिलं?

हा प्रश्न मला खंजेरीनं शिकवला.

आमच्या भागात गाव तिथे गुरुदेव सेवा मंडळ. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि मग भजन रंगतं. हे मंडळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. त्यांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला येऊन महिनाभर राहिले होते. सेवाग्रामची प्रार्थना आजही उघड्यावर होते. त्याच आवारात एकेकाळी खंजेरी वाजली असेल, ही गोष्ट आमच्याकडच्या माणसाला जवळची वाटते. महाराज १९६८ मध्ये गेले, पण त्यांची भजनं अजून तोंडपाठ आहेत, आणि ती म्हणायची रीतही तोंडपाठ आहे. पुढचा एकटा ओळ टाकतो. मागचे ती उचलतात. दोहोंच्या मधल्या फटीत खंजेरी शिरते. सुरुवातीला ती फक्त टोकते. मग कातड्यावर बोट घासून काढलेला घुमारा यायला लागतो, झांजा सुटतात, आणि भजन संपतं तेव्हा लय सुरुवातीच्या दुपटीला पोचलेली असते. ही चढण कुणी आखलेली नसते. मागच्यांचा हुरूप पुढच्याला कळतो, पुढच्याचा खंजेरीला, आणि सगळे मिळून चढतात. अकोटच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजेऱ्या एकट्यानं वाजवून अख्खी प्रबोधनाची सभा त्यावर पेलली, ती याच परंपरेतून.

काही वर्षांपूर्वी आर्वीकडच्या एका भजन मंडळाचा संच माझ्याकडे आला. शहरातल्या स्टुडिओत केलेला. गाणारा मी गावात ऐकलेला, पहाडी आवाजाचा. पहिलं भजन सुरू झालं आणि मी वहीत लिहिलं: खंजेरी कुठे गेली? ती होती. पण अशी, की घड्याळाची टिकटिक दूरच्या खोलीतून यावी. परत परत ऐकल्यावर कारण लक्षात आलं. खंजेरीच्या झांजांचा आवाज जिथे असतो तिथेच, त्याच वरच्या पट्टीत, 'स', 'श', 'च' या व्यंजनांची धारही असते. दोन्ही एकत्र आले की शब्द खरखरतात. ध्वनिमुद्रकानं शब्द वाचवण्यासाठी झांजा दाबल्या. त्याच्या जागी तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर खंजेरीचा वेगळा ट्रॅक होता, गाण्याचा वेगळा, आणि जे एकमेकांना आड येतं ते बाजूला करणं हे त्याचं काम. मग फाइल कमी बिटरेटची करून फिरवली गेली आणि उरलेल्या झांजाही विरघळल्या, पाण्याखाली वाजल्यासारख्या.

पण खरी हानी लयीची होती. स्टुडिओत सगळ्यांच्या कानात क्लिक असतो, एका ठरावीक आकड्यावर ठोकणारा. गायकानं आधी त्यावर गायलं, मग दुसऱ्या दिवशी खंजेरी भरली, तिसऱ्यांदा कोरस. कोरस म्हणजे दोन आवाज, त्यांच्याच प्रती काढून आठ केलेले. भजन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच लयीत उभं. कुणी कुणाला उचलत नाही, कारण उचलायला समोर कुणी नव्हतंच. मी परीक्षणात हे सगळं लिहिलं. गायकाचा आवाज दमदार आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण हे भजन नाही, हे भजनाच्या चालीवर गायलेलं गाणं आहे, असं लिहिलं.

आठ-दहा दिवसांत मंडळाच्या बुवांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "ताई, तुमी लिवलं ते आमाले बी खटकत होतं. पण मंग करा तरी कसं लागते?" परीक्षणाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं: मंदिराच्या सभामंडपात नेहमीसारखे बसा, एक चांगला रेकॉर्डर पुढे ठेवा, क्लिक नको, खंजेरीवाल्यानं थोडं तिरकं बसावं म्हणजे झांजांचा मारा थेट माइकवर येणार नाही, आणि कुणालाही आधी-मागून भरायचं नाही. त्यांनी तसं केलं. दुसऱ्या संचात लय चढते. मागच्यांतला एक म्हातारा आवाज दर खेपेला पाव मात्रा आधी उठतो आणि त्याच्या त्या घाईनं सगळे पुढे ढकलले जातात, हे स्वच्छ ऐकू येतं. पण सिमेंटच्या घुमटात शब्दांची शेवटची अक्षरं विरतात आणि पेटी माइकच्या इतकी जवळ आली की दोन भजनांत तिनं गाणं झाकलंय. तेही मी लिहिलं. जागेवर केलेलं ध्वनिमुद्रण आपोआप चांगलं होतं, असं नाही. गाणं कुणी कुणाला ऐकून म्हटलं, एवढीच त्यातली कमाई. बाकीची कारागिरी वेगळी शिकावी लागते.

मराठीत संगीताचं परीक्षण ज्यांनी गंभीरपणे उभं केलं त्यांत पहिलं नाव येतं केशवराव भोळ्यांचं. त्यांचा जन्म १८९६ चा, आमच्या शेजारच्या अमरावतीचा. 'एकलव्य' या टोपणनावानं त्यांनी आपल्या काळातल्या गायकांवर लिहिलं, ते पुढे 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकात आलं. मला त्यांच्याबद्दल ओढ वाटते ती आणखी एका कारणानं. ते नुसते लिहिणारे नव्हते. प्रभात फिल्म कंपनीत बसून त्यांनी 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' यांना संगीत दिलं. म्हणजे माइक काय घेतो आणि काय सोडतो, हे त्यांनी स्वतःच्या हातानं पाहिलं होतं. 'संत तुकाराम' १९३६ चा. त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग आहे, तो लोकांना तुकोबांचाच वाटला. त्यात शब्दांइतकाच चालीचा वाटा आहे असं मला वाटतं, कारण ती चाल भजनी मंडळीनं सहज उचलावी अशी आहे. आणि १९३७ च्या 'कुंकू'त तर पार्श्वसंगीतच नाही. प्रसंगातले नैसर्गिक आवाज हेच तिथे संगीताचं काम करतात. वाद्यमेळ हाताशी असताना तो न वापरण्याचा निर्णय घ्यायला फार तयार कान लागतो. आजच्या अल्बमांवर लिहिताना मला तो निर्णय वारंवार आठवतो. एका अभंगाच्या मागे बासरी, व्हायोलिनांचा ताफा, पाऊस, घंटा आणि 'आ'कार देणाऱ्या बायकांचा कोरस ऐकला, की मी वहीत लिहिते: यातलं काय काढलं तर अभंग पडेल? बहुतेक वेळा उत्तर येतं, काहीच नाही. मग ते सगळं कशासाठी आहे, हे परीक्षणात विचारायला हवं.

आमच्याकडच्या भुलाबाईच्या गाण्यांचंही असंच झालं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली टिपऱ्यांवर म्हणतात ती गाणी. त्यांचे जे नवे संच येतात त्यांत कीबोर्डचा ठेका आणि गोड, कमावलेला एकच आवाज. टिपरी नाही, आणि एकीनं चुकून पुढची ओळ म्हटल्यावर बाकीच्यांनी तिला मागे ओढणंही नाही.

ख्यालाच्या बाबतीत मात्र माझ्या प्रश्नाचं उत्तर उलटं येतं. ७८ च्या तबकडीनं गवयाकडून वेळ काढून घेतला. तीन-सव्वातीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या एवढ्याशा जागेत जे मांडलं ते आजही विद्यार्थी ऐकून शिकतात. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकताना कुठेही घाई जाणवत नाही. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला सहसा तयार नसत. तरी त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक चीज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. अल्प वेळेनं त्या पिढीला काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायला लावलं. पुढे एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, आणि आता तर वेळेला बंधनच नाही. तासाभराचा एक राग एका फाइलीत मावतो. दुसरीकडे, ज्या मंचांवर आपण ऐकतो तिथे तीस सेकंद ऐकलं की एक श्रवण मोजलं जातं, त्यामुळे गाण्याची सुरुवात आकर्षक करण्याची घाई अशा अल्बमांतही शिरू लागली आहे, ज्यांना ती शोभत नाही. आलापाच्या दुसऱ्याच वाक्यात तान ऐकली की मला संशय येतो.

पण ख्यालाच्या नव्या ध्वनिमुद्रणांत मला सर्वांत जास्त खुपतं ते सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर. ऑटोट्यून १९९७ साली आलं, पाश्चात्त्य स्वरांच्या पायऱ्या धरून. पॉप गाण्यात ते उघड वापरलं तर त्याचाही एक रंग असतो, त्याला माझी हरकत नाही. दरबारी कानड्याच्या गंधाराला ते लावणं हा अन्याय आहे. तो गंधार एका जागी उभा राहत नाही. तो खालच्या बाजूला झुकलेला, संथ झोके घेणारा असतो आणि त्या झोक्यावरच दरबारीचं सगळं वजन असतं. एका तरुण गायकाच्या अल्बममध्ये मी तो ऐकला. वादी-संवादी, चलन, सगळं शाळेतल्यासारखं बरोबर. पण गंधार प्रत्येक वेळी अचूक त्याच उंचीवर येऊन थांबत होता, आणि वर-खाली जाताना मधली मींड पायऱ्यांत तुटत होती. तो मुलगा मैफलीत असं गात नाही. कुणीतरी शेवटच्या टप्प्यावर 'स्वच्छ' करताना त्याचा आंदोलित स्वर दोष समजून दुरुस्त केला. परीक्षणात मी त्या गंधाराची वेळ मिनिट-सेकंदांसकट दिली. वाचणाऱ्याला तिथे जाऊन स्वतः ऐकता यावं, यासाठी. परीक्षकाचं मत पटो न पटो, त्यानं बोट कुठे ठेवलं ते दिसायला हवं.

गझलेला माइकनं दिलंच आहे, नेलं थोडं. सुरेश भट अमरावतीचे. 'रंग माझा वेगळा' १९७४ चा, 'एल्गार' १९८३ चा, आणि नव्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ठेवली. भीमराव पांचाळे त्याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे. मराठी गझलेची मैफल त्यांनी खेड्यापाड्यांत नेली. मैफलीत शेराची पहिली ओळ गायक पुन्हा पुन्हा फिरवतो, ऐकणाऱ्याला दुसऱ्या ओळीची भूक लागेपर्यंत, आणि मग काफिया टाकतो. रेकॉर्डिंगमध्ये ही भूक लागायला समोर कुणी नसतं. पण माइक गायकाच्या ओठांपाशी असतो, त्यामुळे कुजबुजल्यासारखा शब्दही पोचतो, आणि मराठीतली 'ळ', 'ण' ही व्यंजनं मोठ्या सभागृहात हरवतात ती इथे टिकतात. म्हणून गझलेच्या अल्बममध्ये मी आधी शब्द तपासते. लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, मांडते आणि चाल तिच्यावर ठेवून बघते. लघु अक्षर समेवर ताणलं असेल तर संगीतकारानं शेर वाचला नाही, चालीत भरला, हे उघड होतं. नव्या गझल-अल्बमांत हा दोष फार आहे. चाल आधी कीबोर्डवर सुचते आणि वृत्त नंतर तिच्यात बसवलं जातं; रदीफ प्रत्येक शेरात एकाच तऱ्हेनं गायला जातो, अर्थ बदलला तरी. असे अल्बम गोड लागतात आणि संध्याकाळपर्यंत विसरले जातात.

मी कुठे ऐकते, यालाही महत्त्व आहे. हेडफोनवर ऐकणं आवश्यकच, कारण कारागिरी तिथेच दिसते. पण आमच्या जिल्ह्यात गाणं ऐकलं जातं ते पानठेल्यावरच्या छोट्या स्पीकरवर, एसटी स्टँडवर कुणाच्या तरी मोबाइलवर आणि कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारपेठेकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवाल्यांचे टेप ही साधी वस्तू नाही. इंजिनाच्या घरघरीवर मात करायची म्हणून खालचा दणका आणि वरची धार दोन्ही वाढवलेली, मधलं बहुतेक गेलेलं. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा त्याच्या गाण्यांसाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला, याची खूप चर्चा झाली. हेडफोनवर ते व्हायोलिनांचे थर खरंच भरून येतात. आणि ट्रॅक्टरवर त्यांतलं जवळजवळ काहीच उरत नाही. उरतो ठेका, उरते चाल आणि शब्द. तरी गाणं उभं राहतं. मला हा 'सैराट'च्या संगीताचा मोठा गुण वाटतो, ऑर्केस्ट्रापेक्षा मोठा: वाद्यमेळ काढून घेतला तरी चालीला स्वतःचे पाय आहेत. त्यानंतर ऑर्केस्ट्राची हौस केलेली कितीतरी गाणी आली, जी ट्रॅक्टरवर नुसती ढम ढम उरतात.

वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' १९६१ साली आलं. पेशानं हिशेबतपासनीस असलेल्या या माणसानं घराण्यांच्या भांडणात एक मोजपट्टी आणली: एका टोकाला सूर, दुसऱ्या टोकाला लय, किराणा सुराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर दोहोंचा तोल साधून मध्यभागी. ती मोजपट्टी मी ख्यालाबाहेरही लावून बघते, आणि ती चालते, हे मला दर वेळी नव्यानं जाणवतं. रॅप घ्या. ते पार लयीच्या टोकाला आहे असं वरवर वाटतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, रॅपच्या जगात 'हंड्रेड आरबीएच', वऱ्हाडीत म्हणतो तेव्हा लय तर आहेच, पण वऱ्हाडी बोलीला मुळातच एक चाल आहे. वाक्याचं शेपूट लांबवायचं, प्रश्नाला खालून वर न्यायचं, मध्येच एक शब्द दाबून म्हणायचा. ही बोलीतली चाल त्याच्या रॅपमध्ये शाबूत आहे, म्हणून ते सुराच्या बाजूलाही सरकतं. आमच्याकडची अनेक पोरं मला आपली गाणी पाठवतात. घरात वऱ्हाडी बोलतात आणि माइकसमोर आले की मुंबई-दिल्लीच्या रॅपचा हेल लावतात. बीट इंटरनेटवरून घेतलेली 'टाइप बीट', तीच आणखी शंभर जणांनी घेतलेली. अशा गाण्याला मी बीटबद्दल फारसं बोलत नाही, पैसे नसतात हे मला कळतं. हेलाबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. कारण ही पोरं करतात ते रॅप सुरुवातीपासून रेकॉर्डिंगसाठीच केलेलं असतं. त्याचं काही नेलं जात नाही. तिथे जे नाही, ते गाणाऱ्यानं स्वतः घरी ठेवून आलेलं असतं.

आता भीमगीतांबद्दल, ज्यांच्यावर मराठी वृत्तपत्रांतून परीक्षण म्हणून फार थोडं लिहिलं गेलं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच्या स्मरणात दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर पुस्तकांच्या जोडीनं गाणी विकली जातात. आधी कॅसेटी, मग सीडी, मग पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं. महाराष्ट्रात एखाद्या गीतप्रकाराला इतका मोठा, इतका निष्ठावान श्रोता क्वचितच असेल. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून हे गाणं रचलं आणि गायलं. त्यात छंदाची पकड आहे, यमकांचं कसब आहे, आणि एका अवघड विचाराला सोप्या शब्दांत आणण्याची ताकद आहे. एवढं असून संगीताच्या पानांवर या गाण्यांना जागा नसते. असली तर चौदा एप्रिलच्या बातमीत, गर्दीच्या आकड्यासोबत.

विदर्भात या गाण्याचं मैफलीचं रूप म्हणजे कव्वालीचा सामना. दोन पार्ट्या, ढोलकी, बँजो, पेटी, टाळ्या देणारे साथीदार. एक सवाल टाकतो, दुसरा जबाब देतो, आणि ऐकणारे मध्येच उठून नोट देतात व ओळ परत म्हणायला लावतात. ओळ परत म्हणताना कसलेला गायक ती तशीच म्हणत नाही. एक शब्द बदलतो, किंवा उचल दोन मात्रा उशिरा घेतो, आणि लोक पुन्हा ओरडतात. स्टुडिओतल्या भीमगीतात हा परतीचा खेळ जातो. त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येतं. अलीकडची बरीच भीमगीतं मिरवणुकीतल्या डीजेसाठी आणि धुमालच्या दणक्यासाठी बांधलेली असतात. खालचा ठोका मोठा, ओळी लहान, आणि मधे मोकळी जागा, जिथे हजार माणसं घोषणा देतात. घरी हेडफोनवर ऐकणारा परीक्षक म्हणतो, गाण्यात जागा रिकाम्या आहेत. त्या रिकाम्या नाहीत. त्या लोकांसाठी ठेवलेल्या आहेत. म्हणून अशा गाण्यावर लिहिण्याआधी मी ते मिरवणुकीत ऐकते. आणि तिथेही सगळी गाणी सारखी नसतात, हे आवर्जून सांगायला हवं. काहींत ठोक्यानं शब्द खाल्लेला असतो. ज्या गाण्याचा जन्मच विचार पोचवण्यासाठी झाला, त्यात शब्द कळू नये हा मोठा दोष आहे, आणि गर्दी नाचते आहे म्हणून तो माफ होत नाही. आपल्या माणसांचं गाणं आहे म्हणून सांभाळून लिहा, असं मला काहींनी सुचवलं. माझं मत वेगळं आहे. दरबारीच्या गंधाराला जो कान लावला, तोच इथल्या ढोलकीला लावणं हा मान आहे.

गेल्या वर्षी सामन्याचंच एक ध्वनिमुद्रण आलं, हिंगणघाट भागातल्या एका मैदानावर रात्री केलेलं. त्यात वाऱ्याचा आवाज आहे, जनरेटर आहे, मध्येच कुणाच्या तरी नावानं पुकारा होतो. पण बँजोवाला! गायकानं ओळ संपवली की तो तीच ओळ आपल्या तारांवर उचलतो, शेवटचे दोन स्वर गाळून. ते दोन स्वर ढोलकीवाला नुसत्या बोटांनी भरून देतो. असं तीनदा होतं आणि चौथ्यांदा दोघेही थांबतात, तेव्हा ऐकणाऱ्यांतूनच कुणीतरी ती ओळ पूर्ण करतं. हा प्रकार मी कुठल्याच स्टुडिओच्या अल्बमात ऐकलेला नाही.

हे वाजवणारे कोण, ते फाइलीवर कुठेच नव्हतं. एलपीच्या वेष्टणावर निदान तबल्याला कोण, पेटीला कोण हे छापलेलं असायचं. आता गायकाचं नाव, कंपनीचं नाव, बस. संगीत संयोजक, ध्वनिमुद्रक, साथीदार कुणाचाच पत्ता लागत नाही, आणि ज्यांच्या हातून गाणं उभं राहिलं त्यांना पुढचं काम मिळायचं तेही तोंडी शिफारशीवर. म्हणून मी गायकाचा नंबर मिळवला आणि साथीदारांची नावं मागितली. त्यानं व्हॉइस मेसेजमध्ये सगळ्यांची नावं, प्रत्येकाच्या गावासकट, सावकाश सांगितली. टाळ्या देणाऱ्या दोघांचीही. मी ती परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात घातली. संपादकांचा फोन आला, जागा कमी आहे, नावांची यादी काढू का? मी म्हटलं, माझं बँजोवरचं वर्णन अर्धं करा, नावं राहू द्या. गावासकट छापून आली.